तारेने बांधलेला स्विच

मी कामणच्या एका शेडमधली जुनी प्रेस, म्हणजे दाबयंत्र, आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

पूर्वी मी विजेची बटणं घडवायचे. मग भंगारात गेले. तिथून निर्मळच्या विद्याधरकाकांनी मला आणलं, तेल दिलं, नवे हीटर बसवले. फुलपाड्याची मेघना माझ्यावर प्रयोग करू लागली. सिरॅमिक एरवी भट्टीत हजार अंशांच्या वर भाजतात. त्यात प्लास्टिक घातलं तर जळून जातं. मेघना सिरॅमिकच्या पुडीत थोडं प्लास्टिक आणि द्रावणाचे चार थेंब मिसळायची. मी ते दीडशे अंशांवर, सगळा जोर लावून दाबून धरायचे. कित्येक चकत्यांचा भुगा झाला. एके दिवशी एक चकती तिच्या हातातून निसटली, फरशीवर आपटली, पण फुटली नाही.

"काका, जमलं!" मेघना ओरडली. मला झेंडूची माळ घातली गेली.

त्या चकत्यांना मागणी वाढली. काकांचे भागीदार जयवंतशेठ सारखे घड्याळ बघू लागले. माझ्यापुढे जाळीचं दार होतं. ते उघडलं की मी आपोआप थांबायचे. वेळ वाचावा म्हणून शेठनी त्याचा स्विच तारेने बांधून टाकला, म्हणजे दार उघडं असलं तरी मी चालूच.

"शेठ, हात आत असताना ही खाली आली तर?" कॅथरिनने विचारलं. साच्यात पूड तीच भरायची.

"तू हात लवकर काढ ना!"

तिसऱ्या दिवशी मी खाली आले. मला थांबता आलं नाही. कॅथरिनची दोन बोटं गेली.

तपासायला अधिकारी आले, त्याआधीच शेठनी तार काढून खिशात घातली होती. "जुनं मशीन, साहेब. दगा दिला."

मी! मी दगा दिला!

बँडेज बांधलेली कॅथरिन पुढे आली. "मशीनला कशाला शिव्या घालता? तार कोणी बांधली ते सांगा ना!"

मेघनाने मोबाइलवर तारेचा फोटो दाखवला. "तार बांधली त्याच दिवशी काकांना पाठवला होता. त्यांनी उत्तर दिलं नाही."

काका खाली बघत म्हणाले, "मी बघितला होता."

शेठवर खटला भरला. भागीदारी तुटली. कॅथरिन आता नव्या बायकांना काम शिकवते, पण माझ्याजवळ उभी राहत नाही. काका मला रोज पुसतात. त्यांचा हात लागला की मी आतून तापते.

मित्रांनो, यंत्राला हार घाला किंवा घालू नका. पण त्याला थांबवणारी वस्तू कधीही बांधून ठेवू नका. पूड कोणती आणि बोट कोणतं, हे आम्हाला कळत नाही. तुम्हाला कळतं.