अंजिराचा खड्डा

"अहो भाऊ, झाड लावलंत की पुरलंत?"

कुंपणापलीकडून शेजारणीने विचारलं, तेव्हा लाइनमन धुमस घेऊन दणादण माती ठोकत होता. अंजिराचं रोप तिनेच सकाळी दिलं होतं, चांगलं कमरेइतकं उंच. आता जमिनीवर त्याची जेमतेम चार पानं दिसत होती.

"खांब असाच रोवतात," लाइनमन म्हणाला.

"खांबाला मुळं असतात का?"

तो एकतीस वर्षं विजेचे खांब उभे केलेला माणूस. खड्डा मांडीपर्यंत गेल्याशिवाय थांबायचं असतं हे त्याच्या हातांना माहीतच नव्हतं. रोवायचं, ठोकायचं, हलवून बघायचं. सवयीने त्याने रोपाचा शेंडाही हलवून बघितला. हूं की चूं नाही. शेजारीण पोट धरून हसली आणि मग त्यालाही हसू फुटलं.

"उद्या उकरा ते. गुदमरून मरेल बिचारं. आणि माती हाताने लोटा, हाणू नका तिला."

उन्हाळ्यात लाइनमनला अर्धांगाचा झटका आला होता आणि डावा हात लुळा पडला होता. तेव्हाच मुलीने ठरवून टाकलं, की बाबांनी आपल्याकडे चौथ्या मजल्यावर राहायला यायचं आणि हे घर विकायचं. विचारलंच नाही असं नाही. हॉस्पिटलच्या खाटेशी बसून विचारलं होतं, पण त्या वेळी त्याची जीभ उचलत नव्हती, आणि गप्प बसलेल्या माणसाचा होकारच धरतात. जीभ परत आल्यावर त्याने फोनवर तीनदा नाही म्हणून सांगितलं. मुलीने तीनदा "बघू" म्हणून कानाडोळा केला. रविवारी संध्याकाळी दलाल गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

मग लाइनमनने वाद घालणं सोडलं आणि शुक्रवारी बाजारातून दोन किलो लसूण आणला. थंडी तोंडावर आली होती. लसूण याच दिवसांत लावतात, तो सगळी थंडी जमिनीत काढतो आणि पाच महिन्यांनी निघतो. पाच महिने! हे ऐकूनच त्याला लसूण एकदम आवडायला लागला. अंजिराला तर फळ धरायला तीन वर्षं लागतात म्हणे. ते त्याला त्याहून आवडलं.

आज, शनिवारी सकाळी, अंजिराच्या आधी त्याने खुंट्या मारून दोरी ताणली आणि लसणाच्या आठ ओळी लावल्या, खांबांच्या रांगेसारख्या सरळसोट. वाफे बायकोचे होते. ती गेल्यापासून दोन वर्षं त्याने तिकडे ढुंकून बघितलं नव्हतं. ती असतानाही कुठे बघितलं होतं? पाकळीचं टोक वर ठेवायचं असतं एवढंसुद्धा काल शेजारणीला विचारावं लागलं, आणि त्याला मनापासून लाज वाटली.

रविवारी मुलगी रिकामे खोके घेऊन आली, तेव्हा बाप अंजिराचं रोप उकरून काढून मांडीभर खड्ड्यात उभा होता.

"बाबा! तिथे काय करताय?"

"माझाच खणतोय असं वाटलं का तुला?"

"असलं अभद्र बोलू नका हो!" तिने खोके तिथेच टाकले. "एक हात चालत नाही तुमचा. पडलात तर कोण बघणार?"

"पडेन. चौथ्या मजल्यावर माणसं पडत नाहीत का?"

"हा नुसता हट्ट आहे."

"हट्टच आहे. साहेबाने पाठवलं तिथे गेलो, तुम्ही म्हणालात त्या गोळ्या गिळल्या. जन्मात एक हट्ट करतोय, तोही तुला खुपतोय."

मुलगी खड्ड्याच्या काठावर बसली. "मला भीती वाटते, बाबा. तुमचा फोन आला की उचलायच्या आधीच मी पायांत चपला घालते."

लाइनमनने हातातलं फावडं खाली ठेवलं. पोरीची माया खोटी नव्हती, हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच तिच्याशी भांडणं जड जात होतं.

"भीती मलाही वाटते," तो म्हणाला. "पण तुझ्या खिडकीत बसून दिवस मोजायची जास्त वाटते. चल, मला वर घे. आणि हे रोप धर."

अर्धा खड्डा त्याने पायाने माती लोटून बुजवला. मुलीने रोप दोन्ही हातांनी उभं धरलं. लाइनमन दहा पावलं मागे गेला आणि एक डोळा मिटून बघू लागला.

"डावीकडे घे. जरा... जास्त झालं. हां, आता श्वाससुद्धा घेऊ नको."

मुलीला हसू आलं, पण तिने रोप हलू दिलं नाही. लाइनमन येऊन गुडघ्यांवर बसला आणि उजव्या हाताने एकेक मूठ माती मुळांवर सोडू लागला.

इतक्यात फाटकाशी गाडी थांबली. दलाल उतरला. मागोमाग एक तरुण जोडपं उतरलं आणि घराच्या कौलांकडे बघायला लागलं.

"नमस्कार! चावी देता का? घर दाखवतो यांना."

मुलीने बापाकडे बघितलं.

"चावी माझ्या खिशात आहे," लाइनमन मान वर न करता म्हणाला. "आणि माझा एकच हात चालतो. तो कामात आहे."

दलाल हसला. मग मुलीकडे वळला. "ताई, तुम्ही काढून देता का? आपलं बोलणं झालंय."

मुलीने हातातल्या रोपाकडे बघितलं. बापाची मूठ हवेत थांबली. तिच्यातली माती बोटांतून गळत होती. या घटकेला तिने रोप सोडलं असतं, तर त्याला एकट्याला काहीच करता आलं नसतं.

"माझेही हात मोकळे नाहीत," मुलगी म्हणाली.

"मग कधी येऊ?"

तिने पुन्हा बापाकडे बघितलं. त्याने मूठ उघडली, माती मुळांवर पडली.

"अंजीर लागले की या," लाइनमन म्हणाला. "खायला."

गाडी गेल्याचं दोघांनी ऐकलं. मुलीच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं होतं आणि पुसायला हात नव्हते.

"बाबा, भरा लवकर," ती म्हणाली. "हात दुखायला लागले."