ओला दोरा

"सुया कुणाकुणाच्या वापरायचास?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुणाच्याच नाही. रोज नवी कोरी. आई आणून द्यायची." खाटेवरचा शिंपी धापा टाकत म्हणाला. त्यातही त्याला आईचं कौतुक, बोला आता.

आई पायथ्याशी उभी होती. पोराला तिने कोंडून पाहिलं, मारून पाहिलं, शेवटी त्याच्या पायासुद्धा पडली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग तिने हात टेकले आणि औषधाच्या दुकानातून स्वतःच सुया आणायला लागली. नशा सुटत नाही तर नाही, निदान दुसऱ्याचा रोग तरी याच्या अंगात शिरायला नको. दुकानदार तोंड वाकडं करायचा. करू दे.

"मग हृदयाच्या झडपेवर जंतू आले कुठून? टोचायचास कसं, दाखव बघू."

शिंप्याने गळवांनी सुजलेला हात उचलला. चिमटीत नसलेली सुई धरली, जिभेवरून फिरवली आणि दुसऱ्या हाताकडे नेली.

"सुई चाटायचास?"

तो स्वतःच्या चिमटीकडे बघत राहिला. "कधी लक्षातच नाही आलं. हात बसलाय तसा."

"तोंडातले जंतू थेट रक्तात गेले, बाबा."

दोऱ्याचं टोक तोंडात घाल, ओलं कर, मग ओव, हे आईनेच शिकवलं होतं, त्याचे पाय मशीनला पोचत नव्हते तेव्हा. पोरगं गुणी. एकदा सांगितलेलं विसरायचं नाही.

व्हरांड्यात तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "झडप बदलतात म्हणे. तेवढं ऑपरेशन करा ना."

"हृदयात तेवढा जोर उरला नाही, आई. ऑपरेशन त्याला सोसणार नाही."

"मी सुया स्वच्छ दिल्या हो."

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुया स्वच्छच होत्या."

आठवडा संपायच्या आत तो गेला. शेवटचा अंगात घालायला आईने त्यानेच शिवलेला शर्ट काढला. त्याचं वरचं बटण तुटलेलं होतं.

"राहू दे ना आई," त्याची बहीण म्हणाली. "आता कोण बघतंय?"

"त्याला चाललं नसतं."

तिने सुई काढली. दोरा सवयीने ओठांपाशी नेला आणि तिथेच थांबली. मग उठली, नळाखाली टोक भिजवलं आणि खिडकीपाशी बसून ओवायला लागली. दोरा काही केल्या आत जाईना.

"दे, मी ओवते."

आईने दिला नाही.