गुन्वोरमावशीची लुसिया

अस्मिताच्या पोटात एक गोष्ट तीन आठवडे अडकून बसली होती. मिशिगनमधल्या नोव्हायला नोकरी लागली होती, शनिवारी खोली सोडायची होती, पण गुन्वोरमावशीला सांगायचं कसं? तोंडच उघडेना!

गुन्वोरमावशी म्हणजे इथली, पिस्कॅटवे गावातली तिची घरमालकीण. ब्याऐंशी वर्षांची, एकटी, मूळची स्वीडनमधल्या ग्रेबेस्टाड नावाच्या समुद्रकाठच्या चिमुकल्या गावची. अस्मिता हर्णैची. २००१ साली शिकायला म्हणून तिच्याकडे राहायला आली त्याच दिवशी दोघींची मासळीवरून जुंपली. "माशांच्या लोणच्यात साखर? काहीतरीच!" असं म्हणत अस्मितानं बरणी चाटूनपुसून साफ केली, आणि गट्टी जमली ती जमलीच.

दर डिसेंबरला म्हातारीचं एकच पालुपद असे. गावाकडे तेरा तारखेला लुसियाचा सण. घरातली मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालते आणि कॉफी, केशराचे पाव घेऊन सगळ्यांना पहाटे उठवते. "मला कोण उठवणार?" म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

यंदा अस्मितानं ठरवलं, जाण्याआधी एवढं करायचंच. मग हळूच सांगून टाकू.

पावांची पार वाट लागली, नुसते दगड! मग तिनं सरळ केशर घालून शिरा ढवळला. डोक्यावर मेणबत्त्या ठेवायचा धीर काही होईना. केस पेटले म्हणजे? म्हणून ताटात निरांजन लावलं, शिरा आणि कॉफी ठेवली आणि तेरा तारखेला पहाटे मावशीच्या खोलीत शिरली. म्हातारी दचकून उठून बसली. आणि हातांची सवय बघा, अस्मितानं तिला कुंकू लावून चक्क ओवाळलं!

"आमच्यात असं नसतं," गुन्वोरमावशी डोळे पुसत म्हणाली.

"आमच्यात असतं. आणि ओवाळलं की ताटात काहीतरी टाकायचं असतं, मावशी," अस्मितानं थट्टा केली.

म्हातारीनं उशाशेजारचा खण उघडला आणि लोकरीचे जाडजूड हातमोजे ताटात ठेवले.

"मिशिगनला इथल्यापेक्षा जास्त थंडी असते, पोरी."

अस्मितानं ताट खाली ठेवलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या कंपनीचा फोन आला होता घरी. तू लॅबमध्ये होतीस. तेव्हाच विणायला घेतले."

"तीन आठवडे गप्प बसलीस? मला विचारलं का नाहीस गं?" अस्मिता आता हमसून हमसून रडत होती.

म्हातारीनं शिऱ्याचा घास घेतला, सावकाश चावला.

"विचारलं असतं, तर तू गेली नसतीस."