माझ्या पोटातला भुसा

मित्रांनो, मी एक जुना एक्सल आहे. ट्रकची मागची चाकं ज्याच्यावर बसतात, तो लोखंडी आडवा दांडा म्हणजे मी. आता जऊळक्याला गुलाम नबींच्या अंगणात, मोरीच्या भिंतीला टेकून पडलो आहे. कोंबड्या माझ्यावर बसतात आणि घाण करतात. कीव करू नका, फक्त ऐकून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर काळा रंग चकाकत होता. माझे पहिले मालक रिठदचे शेषराव. सोयाबीनची पोती, संत्र्यांचे क्रेट, लग्नाची वऱ्हाडं, मी सगळं वाहिलं. दसऱ्याला हार पुढच्या काचेला, माझ्या वाट्याला चिखल. माझं तेल बदलायचं तर शेषरावांच्या कधी लक्षातच राहिलं नाही. पोटातली दातेरी चाकं झिजली आणि मी घूंऽऽ करून ओरडू लागलो. आम्हाला दुसरी भाषा येत नाही.

शेषरावांना ती बरोबर कळली. त्यांनी ट्रक विकायला काढला! गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझं बूच उघडलं आणि आरामशीनवरून आणलेला लाकडाचा भुसा माझ्या पोटात कोंबला. दातांमधल्या फटी भरल्या आणि माझा आवाज बसला.

गिऱ्हाईक म्हणजे गुलाम नबी. वीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवलेला माणूस, हा त्यांचा स्वतःचा पहिला. शेषरावांशी जुनी दोस्ती. ईदचा शिरखुर्मा रिठदला जायचा, दिवाळीचा फराळ जऊळक्याला यायचा. गुलाम नबींनी एक चक्कर मारली, कान देऊन ऐकलं आणि खाली वाकून मला थाप मारली.

"काय एक्सल हाय भाऊ! आवाजच नाई!"

आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच, आणि तेही खोटं. मला लाज वाटली.

भुसा टिकून टिकून किती टिकणार? तीन महिन्यांत त्याचा चिखल झाला, आणि कारंजाच्या रस्त्यावर, संत्री भरलेली असताना, माझी चाकं जाम झाली. दोन दिवस माल उन्हात सडला. त्या व्यापाऱ्याने गुलाम नबींना पुन्हा हाक मारली नाही.

ट्रक ओढत अंगणात आणला. भंगारातून दुसरा एक्सल आला. तो बसवायला मदतीला कोण आलं असेल? शेषराव! दोघांनी जॅक लावला, ट्रकखाली लाकडी ठोकळे सरकवले, चाकं उतरवली. गुलाम नबींनी घमेलं धरून माझं बूच उघडलं. तेलाऐवजी काळा लगदा पडला. त्यांच्या बायकोने, हुस्नाबानोने, तो चिमटीत घेऊन चोळला.

"हा तं लाकडाचा भुसा व्हय. एक्सलात भुसा कुठून आला?"

शेषरावांनी मान वर केली नाही. "एक्सलच जुना होता, वहिनी. त्याचाच दोष."

माझा दोष! तोंड असतं तर तिथेच ओरडलो असतो. गुलाम नबींनी शेषरावांच्या हातातला पाना काढून घेतला.

"राहू द्या भाऊ. बाकीचं मी करून घेतो."

शेषराव गेले. पुढच्या ईदला शिरखुर्मा रिठदला गेला नाही. मला भिंतीकडे लोटून दिलं, तरी मी मनात म्हणालो, चला, निदान या माणसाला तरी कळलं.

याला दोन वर्षं झाली. आता तो दुसरा एक्सलही ओरडतो, कारण तेल त्यालाही कोणी घातलं नाही. उद्या धनजचा प्रसेनजित ट्रक बघायला येणार आहे. त्याचाही हा पहिलाच ट्रक. तो गुलाम नबींना चाचा म्हणतो आणि त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

मित्रांनो, आम्हाला वेळेवर तेल द्या. आम्ही ओरडलो तर काय दुखतंय ते बघा, आमच्या तोंडात बोळा कोंबू नका. आमचं काय, आम्ही भंगारात जाऊ. तुम्हाला एकमेकांच्या दारात जायचं असतं.

आज सकाळी गुलाम नबी आरामशीनवरून एक पोतं घेऊन आले.

"अजी, हा भुसा कायले आणला?" हुस्नाबानोने विचारलं.

"चुलीले."

"आपल्या घरी तं गॅस हाय."

गुलाम नबींनी पोतं माझ्या अंगावर टेकवलं आणि पाना आणायला आत गेले.