बाजूला व्हा

परगावी गेलं की फोटोत माणूस नको, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं. माणूस आला की फोटो त्याचाच होतो. मागचा जिना, दार, भिंतीवरचं ऊन बिचारं नुसतं उभं राहतं. सून म्हणते, आईंचे फोटो बघून वाटतं गावातल्या माणसांनी संप केलाय. म्हणू दे. तिच्या फोटोंत तिचे दात तेवढे दिसतात, गाव कुठलं ते खाली लिहावं लागतं. मी चौथीत शाळा सोडली, पाट्या वाचताना अडखळते. पण ऊन कुठून येतंय हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्या सकाळी मुलगा-सून लॉजवर झोपलेले असताना मी ह्यांना घेऊन बाहेर पडले. ह्यांचा जन्म गोदामाच्या दारावर पहारा करण्यात गेला. हल्ली डोक्यातलं एकेक निसटत चाललंय, कधी कधी मुलाचं नावही सापडत नाही. बाबांचा हात सोडू नका, असं सुनेनं आदल्या दिवशीच बजावलं होतं. मी तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्यालाही मीच चालायला शिकवलंय.

आमची रीत ठरलेली. मोबाईल वर केला की मी म्हणायचं, "बाजूला व्हा." हे बाजूला होतात. फोटो निघाला की मी म्हणायचं, "झालं." हे परत माझ्या शेजारी. मोबाईल घेतल्यापासून हेच चाललंय.

गल्ल्या अरुंद होत्या. एका नळापाशी पायरीवर मांजर बसलं होतं, अंगावर तिरपं ऊन. ह्यांना म्हटलं, बाजूला व्हा. अजून. अहो, टोपीची सावली येतेय, अजून. सावलीसकटच एक फोटो निघाला, तेवढ्यात मांजर उठलं आणि वळणाआड गेलं. मी त्याच्या मागे. मग एक निळं दार दिसलं, मग वाळत घातलेल्या चादरी. मनासारखा फोटो मिळाला तेव्हा मोबाईल खाली केला आणि म्हटलं, "झालं."

शेजारी कुणी आलं नाही.

आधी रागच आला. मग हाक मारली. गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता होता, तिथून ट्रकांचे कर्कश हॉर्न येत होते. ह्यांना ट्रक दिसला की गोदामाचा वाटतो, हात दाखवून थांबवायला जातात. पत्त्याची चिठ्ठी माझ्याच पर्समध्ये होती. ह्यांच्या खिशात राहत नाही म्हणून मीच काढून घेतलेली.

मुलाला फोन लावला. तो ओरडला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

"आई, बाबांचा आजचा फोटो पाठव. चौकीवर दाखवायला लागेल. शर्ट कुठला घातलाय?"

मला आठवेना. सकाळी बटणं मीच लावली होती.

मोबाईल चाळायला लागले. दारं, जिने, कबुतरं, कुलपं. पुन्हा दारं. आदल्या दिवशीचे बघितले, आदल्या वर्षीचे बघितले. हे कुठेच नव्हते. एवढ्या गावांना माझ्याबरोबर आलेला माणूस, आणि कुणी विचारलं कसा दिसतो, तर मी दाखवणार काय? कबुतरं?

चाळता चाळता एक फोटो चुकून मोठा झाला. मांजराचा. खालच्या कोपऱ्यात टोपीची सावली. ती नंतर कापून टाकायची असं मी ठरवलं होतं. पुढच्या निळ्या दाराच्या फोटोत सावली नव्हती.

म्हणजे नळापाशी होते, दारापाशी नव्हते.

चादरींवरून निळं दार शोधलं, दारावरून वळण, वळणावरून नळ. पळताना एक चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. नळापाशी, फोटो काढला होता तिथेच उभी राहिले आणि सावलीच्या बाजूला मान वळवली. दोन घरांमध्ये बोळ होता, कचऱ्याच्या डब्यांचा. त्याच्या पार आत, भिंतीला पाठ टेकून, हे उभे होते. पायजमा ओला झाला होता. हनुवटी लटलटत होती. जागा मात्र सोडली नव्हती.

मला बघून विचारलं, "झालं का?"

मी म्हटलं, "झालं. या."

मुलाचा फोन वाजत होता. सापडले, एवढंच सांगितलं. मग मोबाईल ह्यांच्यासमोर धरला, कमरेच्या वरचं तेवढं यावं असा. मोबाईल वर झालेला बघून हे निमूट सरकले आणि पुन्हा भिंतीला लागले.

मग मी एका हातानं ह्यांची बाही घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

शर्ट चौकड्यांचा आहे. चेहरा अर्धाच आलाय, वर माझा अंगठा. सून म्हणते, आई, हा हललाय, काढून टाकू का? मोबाईल मी तिच्या हातात देत नाही.