वाफशाची मूठ

वितळण्यातलं शिवतेजला सगळं कळत होतं. आजोबांपासून घरात गलाईचा, सोनं-चांदी गाळायचा धंदा. हिमाचलात, कुलूच्या दुकानात मुशीतलं सोनं कधी पाणी होईल, हे तो नुसत्या रंगावरून सांगायचा. मग बर्फासारख्या किरकोळ मालाबद्दल त्याला कुणी काय शिकवावं? त्यात कोचीनला दुकान टाकलेल्या चुलतभावानं, ऋषिराजनं, समुद्राच्या लाटेवर उभं राहून व्हिडिओ टाकला होता. विट्याच्या गलाईवाल्यांच्या ग्रुपवर दोनशे अंगठे पडले. भावकीत एक जण लाटेवर उभा राहिला म्हटल्यावर दुसऱ्यानं डोंगरावरून घसरायलाच हवं, नाही का?

इकडे विट्यात त्याची बायको संयोगिता लेकराला, मल्हारला, नाचणीची पेज भरवत होती. फोन वाजला. नवऱ्याचा नव्हता, त्याला डोंगरात स्कीइंगला नेणाऱ्या हंबीररावांचा. अठरा वर्षं फौजेत, बर्फात काढलेला खटावकडचा माणूस.

"वैनी, शेठ ऐकंनात. रातभर ढग हुतं, बर्फ गोठलाच न्हाई. आता अकरा वाजल्यात. गुडघ्याएवढा पाय रुततोय, वरनं बर्फाचं गोळं गडगडत येत्यात. आमी उतारावर गेलो की आख्खा उतार आमच्यासंगं निघंल. तुमीच बोला."

"द्या त्यांना."

"काय गं? कामात हाय मी," शिवतेज म्हणाला.

"आवं, दिसतंय की. व्हिडिओ कोण काढणार?"

"हंबीरराव."

"गाडलं गेल्यावरचाबी काढायला सांगा. लय अंगठं पडतील."

पलीकडं घसा खाकरला. "वितळणं काय असतं ते तू मला सांगतीस व्हय?"

"छ्या! तुमी मुशीपुढं जन्मलेलं. फकस्त हातमोजा काढा, मूठभर बर्फ घ्या आन आवळा."

"कशाला?"

"आवळा म्हणलं की."

वडूजला तिचे वडील आप्पासो पावसानंतर रानात जाऊन हेच करायचे. मातीची मूठ आवळायची. ढेकूळ बोटानं फुटलं तर वाफसा आला, औत घाला. बोटांतून चिखल निघाला तर बैल दावणीला. चर्चा नाही.

फोनमध्ये नुसता वारा. मग शिवतेज म्हणाला, "पाणी गळतंय."

"किती?"

"कोपरापतूर."

"आप्पांनी असल्या रानात बैलबी घातला नसता. आन बैलाला म्हणं अक्कल कमी असती."

तेवढ्यात मल्हारनं वाटी पालथी केली आणि फोनकडं बघून ओरडला, "बाबा!" गेले आठ दिवस तो हे म्हशीलाही म्हणत होता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"आलो रं," पलीकडून बारीक आवाज आला. मग एकदम मोठा, "हंबीरराव, स्की खांद्यावर घ्या. डोंगराच्या धारेधारेनं चालत उतरू. बायकूला लय काळजी लागलीया!"

"लागू दे," संयोगिता म्हणाली, आणि इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला, पायथ्याच्या कुरणात काढलेला. काळा चष्मा, छाती पुढे. "मित्रांनो, ओला बर्फ कसा ओळखायचा? त्याला आपली गलाईवाल्यांची नजर पायजे..." मूठ आवळली, पाणी गळालं. आप्पांचं आणि बायकोचं नाव वेळेअभावी राहिलं असावं. अंगठे दोनशे बारा.

खांद्यामागं सकाळचा तो उतार दिसत होता. मधोमध, वरपासून खालपर्यंत, सोलल्यासारखा. माती उघडी पडलेली. त्याबद्दल शेठ चकार शब्द बोलले नव्हते.

संयोगितानं व्हिडिओ तीनदा पाहिला, ती ओली मूठ बघायला. मग मल्हारचा पेजेनं चिकटलेला अंगठा धरून दोनशे तेरावा उमटवला.