पटकीच्या उन्हाळ्यातले बाकडे

मी मानवतच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, एक जुने बाकडे आहे. जात बाभळीची, नोकरी बन्सीधरच्या चहाच्या हॉटेलापुढे. मित्रांनो, माझी मधली जागा आडत्या आबासाहेबांची. ते बसले की बाकीचे आपापल्या ऐपतीप्रमाणे कडेला सरकत. हमालांनी खाली उकिडवे बसून चहा प्यायचा, असे कुठे लिहिलेले नव्हते. म्हणून ते कुणाला पुसताही येत नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. सुई टोचणारे डॉक्टर म्हणाले, हा आजार समुद्रापलीकडून देशोदेशी फिरत आला आहे. मानवतला एवढ्या लांबचा पाहुणा प्रथमच येत होता. पाणपोईचे रांजण पालथे झाले. रस्त्यावर पांढरी पावडर पडली. सुईच्या भीतीने हमाल मोंढ्याची भिंत चढून पळाले. त्यांत मुंजाजी सर्वांत पुढे. माणसे रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेशी बोलू लागली, आणि कुणी पोटावर हात ठेवला की बोलणे तिथेच संपे. माझ्यावर कुणी बसेना. सगळ्यांना सारखे उभे करणे भाषणांना जमले नव्हते, पटकीला जमले.

एका दुपारी तोच मुंजाजी माझ्यावर येऊन आडवा झाला. ओकाऱ्यांनी डोळे खोल गेलेले, पायांत गोळे येत होते. त्याची बायको दगडाबाई बैलगाडीसाठी मोंढाभर हिंडली. तिला येताना पाहूनच गाडीवाल्यांनी बैल जुंपले आणि वाट धरली. आबासाहेबांनी समोरच्या ओट्यावरून दवाखान्याचा जवळचा रस्ता सांगितला.

दगडाबाई बन्सीधरपुढे उभी राहिली. "मालक, हे बाकडंच द्या. एका अंगानं मी उचलते."

बन्सीधरने माझ्याकडे पाहिले, मग हॉटेलाकडे. मी घाबरले होते. तो नाही म्हणाला असता, तर मुंजाजी माझ्यावरच संपला असता. बन्सीधरने नाकाला रुमाल बांधला आणि दुसरे अंग उचलले. आम्ही निघालो तशी पुढची दारे एकेक करून लागत गेली. भर बाजारात मुंजाजीचे कण्हणे तेवढे ऐकू येत होते. मध्येच तेही थांबले, तेव्हा दगडाबाई पळू लागली.

सलाइनने तो वाचला. पटकी गेली, मोंढा भरला. बन्सीधरने मला फिनेलने इतके घासले की रंग उडाला. तरी गिऱ्हाईक उभ्यानेच चहा घेई. आबासाहेब तर पलीकडच्या हॉटेलात जाऊ लागले. बरा होऊन मुंजाजी आला, तेव्हा उभी असलेली माणसे कप घेऊन लांब सरकली. तो खाली बसायला वाकला.

दगडाबाईने त्याचा दंड धरला. "खाली कशाला बसायलाव? वर बसा."

आणि त्याच्या शेजारी ती स्वतः बसली. मोंढ्यातल्या हॉटेलापुढे बाई बसलेली बाजाराने कधी पाहिली नव्हती. पटकीपेक्षा त्याचाच धसका काहींनी जास्त घेतला.

मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. आजार निघून गेल्यावर त्याची भीती आपण किती दिवस पोसायची, एवढेच विचारते. ते दोघे अजून येतात, चहा पितात. त्यांच्या दोन्ही बाजूंना माझ्यावर जागा रिकामी असते. कुणीतरी येऊन बसा.